सेन्सिटिव्हिटीचा स्लायडर हलवण्याआधी तुमचा मेक किती वेगाने वळतो ते बघा

'मेकवॉरियर ऑनलाइन'सारख्या गेममध्ये नेम चुकायला लागला की पहिला संशय येतो माउसच्या सेन्सिटिव्हिटीवर. स्लायडर थोडा वर, दोन सामने. मग थोडा खाली, पुन्हा दोन सामने. कुणी भारी खेळाडूने सांगितलेला आकडा टाकून बघायचा, तो जमला नाही की दुसऱ्याचा. यात तास जातात, मनगट दुखायला लागतं आणि नेम होता तिथेच राहतो.

नेम धरणं ही माणसाची हालचाल म्हणून शंभरहून जास्त वर्षं अभ्यासली गेली आहे. ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शन या माझ्या विषयाचा तो जुना पाया आहे. त्या अभ्यासातून या गेमपुरता एक सरळ निष्कर्ष निघतो: स्लायडरचा नेमका आकडा आपल्याला वाटतो तितका महत्त्वाचा नाही. त्याहून महत्त्वाचं आहे ते तुमचा हात आणि मेकचं धड यांच्या वेगातलं अंतर. कसं, ते बघू.

मेकमध्ये नेम दोन ठिकाणी असतो

साध्या शूटर गेममध्ये माउस हलवला की बंदूक त्याच क्षणी तिकडे वळते. मेक म्हणजे २० ते १०० टनांचं धूड. त्याचे पाय एका दिशेला चालतात, धड दुसरीकडे वळतं, आणि धड वळण्याच्या वेगाला कमाल मर्यादा असते. तुम्ही माउस कितीही जोरात फिरवा, १०० टनांचा ॲटलस २० टनांच्या लोकस्टसारखा गर्रकन वळणार नाही.

म्हणून पडद्यावर दोन खुणा दिसतात. वर्तुळ हातांवरच्या शस्त्रांचं, अधिकचं चिन्ह धडातल्या शस्त्रांचं. माउस झटक्यात हलवला की वर्तुळ पुढे पळतं आणि अधिकचं चिन्ह मागून येतं. तुम्ही काय मागितलं ते वर्तुळ सांगतं, धडाने आतापर्यंत काय दिलं ते अधिकचं चिन्ह सांगतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्लायडर बदलल्याने नक्की काय बदलतं?

१९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. दोन धातूच्या पट्ट्या, हातात एक लेखणी, आणि काम एकच: या पट्टीवरून त्या पट्टीवर जमेल तितक्या झटपट टेकवत राहायचं. त्यातून निघालेला नियम असा: लक्ष्य गाठायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. अंतर दुप्पट केलं किंवा रुंदी निम्मी केली, तर काम सारख्याच प्रमाणात अवघड होतं.

आता गंमत बघा. सेन्सिटिव्हिटी निम्मी केली की हाताला दुप्पट अंतर कापावं लागतं. पण हाताच्या दृष्टीने लक्ष्यही दुप्पट रुंद होतं. गुणोत्तर तेच! म्हणजे फिट्सच्या हिशोबाने कामाची अवघडता बदललीच नाही.

मग स्लायडरला काहीच अर्थ नाही का? आहे, पण दोन्ही टोकांना. समजा, एका मेकचं धड डावीकडे १०० आणि उजवीकडे १०० अंश वळतं, आणि हे सगळे २०० अंश तुम्ही ४ सेंटीमीटरमध्ये बसवलेत. म्हणजे माउसच्या एका मिलिमीटरला ५ अंश. समोर ३०० मीटरवर ५ मीटर रुंदीचा शत्रू उभा आहे, तो तुमच्या नजरेत साधारण १ अंशाचा. त्याच्यावर थांबायला हातात उरते मिलिमीटरचा पाचवा भाग एवढी जागा. इथे हाताची नैसर्गिक थरथरच नेम बिघडवते. उलट टोकाला, २०० अंशांसाठी ८० सेंटीमीटर ठेवलेत तर माउसपॅड संपतो, माउस उचलून परत मांडावा लागतो, आणि तेवढ्यात शत्रू टेकडीआड.

या दोन टोकांच्या मधला पट्टा बराच रुंद असतो. त्यात कुठेही राहिलात तरी फरक थोडाच पडतो, आणि सवयीने तोही बुजतो. एकदा पट्ट्यात शिरलात की स्लायडरला हात लावू नका.

खरा घोटाळा उशिराचा

१८९९ मध्ये रॉबर्ट वुडवर्थने दाखवलं की नेम धरणारी हालचाल दोन टप्प्यांत होते. आधी एक मोठी झेप, जवळजवळ डोळे मिटून मारल्यासारखी. मग डोळ्यांनी बघत केलेली बारीक दुरुस्ती. दुसरा टप्पा पूर्णपणे 'आत्ता नेम कुठे आहे' या माहितीवर चालतो.

मेकमध्ये नेमकी हीच माहिती शिळी असते. तुमची झेप संपली, पण धड अजून वळतंयच. अधिकचं चिन्ह शत्रूपर्यंत पोचलेलं दिसत नाही म्हणून तुम्ही आणखी ढकलता. मग धड पोचतं आणि पुढे निघून जातं. तुम्ही मागे ओढता, तेही जास्त होतं. नेम शत्रूच्या डावी-उजवीकडे झोके घेत राहतो. सेन्सिटिव्हिटी वाढवली तर माउस म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! धड तर आपल्याच चालीने येणार.

विमानशास्त्रात याच जातीच्या दोषाला पायलटमुळे होणारं दोलन म्हणतात. स्वीडनच्या ग्रिपेन लढाऊ विमानाचे १९८९ आणि १९९३ मध्ये असे दोन अपघात झाले. दोन्ही वेळा वैमानिक वाचला. १९९३ च्या अपघातात विमानाच्या नियंत्रणपात्यांनी आपल्या वेगाची कमाल मर्यादा गाठणं हा कळीचा भाग होता: वैमानिक मागतोय एक, यंत्र देतंय उशिरा, आणि दोघं एकमेकांच्या विरुद्ध झोके घेतायत. उपाय वैमानिकाला आणखी वेगवान करणं हा नव्हता. नियंत्रणाचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

संगणकाच्या बाजूचा उशीरही यात भर घालतो. मॅकेन्झी आणि वेअर यांनी १९९३ साली माउसच्या हालचालीत मुद्दाम उशीर घालून मोजमाप केलं. २२५ मिलिसेकंदांच्या उशिराला लक्ष्य गाठण्याचा वेळ ६४ टक्क्यांनी आणि चुका २१४ टक्क्यांनी वाढल्या. म्हणून स्लायडरच्या आधी ग्राफिक्सच्या सेटिंगकडे जा. सावल्या आणि धूर कमी करा, व्ही-सिंक बंद करून बघा, माउस स्मूदिंग असेल तर काढा. दिसायला गेम थोडा कमी देखणा होईल, पण डोळ्यांना ताजी माहिती मिळेल.

आर्म लॉक: चालू की बंद?

आर्म लॉक चालू केला की हात धडाला बांधले जातात. दोन्ही खुणा एक होतात, सगळी शस्त्रं एकाच जागी लागतात, पण सगळं धडाच्या वेगाने. बंद केला की हात मोकळे सुटतात. उत्तर तुमची शस्त्रं कुठे बसवली आहेत यावर आहे.

सगळी शस्त्रं धडात असतील तर लॉक चालू ठेवा. एकच खूण बघायची, नुकसान काही नाही. मुख्य शस्त्रं हातात असतील आणि तो हात कोपरातून आडवा वळू शकत असेल तर लॉक बंद ठेवा. नाहीतर मेकचा सर्वांत चपळ भाग तुम्ही स्वतःच बांधून घालताय. शस्त्रं दोन्हीकडे विभागली असतील तर लांबच्या लढाईत लॉक, आणि हलका मेक पायाशी घुटमळायला लागला की बटण दाबून मोकळे हात. हे बटण बोटाला सहज पोचेल अशा जागी ठेवा.

शस्त्राचा प्रकारही बघा. ऑटोकॅननची गोळी सुटली की काम संपलं. लेझर मात्र साधारण सेकंदभर एकाच भागावर धरून ठेवावा लागतो, नाहीतर छाती, खांदा, हात असा सगळीकडे थोडाथोडा पसरतो. लेझरवाल्यांनी मधल्या पट्ट्याच्या हळू बाजूला राहावं. झूममधली सेन्सिटिव्हिटी वेगळी ठेवता येत असेल तर तीही थोडी कमी करावी.

घरच्या घरी तपासणी

१. विंडोजमधलं पॉइंटर ॲक्सिलरेशन बंद करा. नाहीतर हाताच्या त्याच अंतराला दर वेळी वेगळं उत्तर मिळतं.

२. टेस्टिंग ग्राउंडवर जा. धड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा आणि माउस किती सेंटीमीटर सरकला ते पट्टीने मोजा. सावकाश यासाठी, की धडाच्या वेगाची मर्यादा मोजमापात शिरू नये. माउस न उचलता हे पूर्ण होईल इतपत सेन्सिटिव्हिटी ठेवा.

३. तिथले मेक उभेच असतात, म्हणून तुम्ही चालत राहा आणि चालता चालता एकाच भागावर नेम धरा.

४. दोन सेटिंगची तुलना करायची तर 'अ'वर २० फैरी, 'ब'वर ४०, पुन्हा 'अ'वर २०. आधी सगळे 'अ' आणि मग सगळे 'ब' असं केलं तर 'ब'ला फुकटचा सराव मिळतो आणि तेच चांगलं वाटतं.

५. ४० पैकी २४ आणि ४० पैकी २७ यांना फरक मानू नका. चार-पाच फैरींचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. २४ आणि ३५ असं आलं तर मात्र लक्ष द्या.

६. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ठरल्यावर दोन आठवडे काही बदलू नका.

त्या दोन आठवड्यांत एवढंच करायचं: मोठी झेप मारल्यावर क्षणभर हात थांबवा, अधिकचं चिन्ह वर्तुळाला येऊन मिळू द्या, आणि मग दुरुस्ती करा. हा क्षण ॲटलसमध्ये लांब असतो, लोकस्टमध्ये जाणवतही नाही. म्हणूनच दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नसतो. त्याचा मेक वेगळा, त्याची शस्त्रं वेगळ्या जागी, आणि त्याच्या टेबलावरचा माउसपॅडही वेगळा.