चित्रकला ही चैन आहे काय?

शाळेच्या वेळापत्रकांत चित्रकलेचा तास असतो; पण परीक्षा जवळ आली म्हणजे पहिला बळी त्याचाच जातो. गणिताचे मास्तर तो तास मागून घेतात, चित्रकलेचे शिक्षक तो मुकाट्यानें देतात, आणि पालक म्हणतात, 'बरें झालें, पोराचा वेळ सत्कारणीं लागला!' आमच्या मतें ही समजूत नुसती चुकीची नव्हे, तर नुकसानकारक आहे. आणि जो व्यापारी व नागरिक वर्ग स्वतःस व्यवहारी म्हणवितो, त्याचेंच तींत सर्वांत अधिक नुकसान आहे.

कोणी म्हणेल कीं, शासकीय रेखाकला परीक्षांस आपल्याकडे पुष्कळ मुलें बसतात, मग अनास्था कोठें आहे? बसतात खरीं, परंतु वाढीव गुण मिळावे हा त्यांतला मुख्य हेतु असतो. गुणांसाठीं हातीं धरलेली पेन्सिल निकालाच्या दुसऱ्या दिवशीं खालीं पडते. राहिलेले लोक 'आम्हांस तो हातच नाहीं' म्हणून मोकळे होतात. चित्र काढणें हातापेक्षां डोळ्याचें काम अधिक आहे, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानांत येत नाहीं.

न्यायालयांत साक्षीदारानें जें पाहिलें तेंच सांगावें, तर्क सांगूं नये, असा दंडक आहे. नवशिका चित्रकार नेमका येथेंच चुकतो. समोर तांब्या ठेवला तर त्याचें तोंड वाटोळें आहे हें त्यास ठाऊक असतें, म्हणून तो पुरें वर्तुळ काढतो. बूड सपाट आहे हें ठाऊक असतें, म्हणून खालीं सरळ रेघ ओढतो. प्रत्यक्ष डोळ्यास मात्र तोंड लांबट व चपटें दिसतें आणि बुडाची कड वळलेली दिसते. जें ठाऊक आहे तें बाजूस सारून जें दिसतें तें मांडणें, हाच या विद्येचा पहिला पाठ होय.

हा पाठ कोणासही घरीं घेतां येतो. एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा पांच पेन्सिली, थोडा खरखरीत कागद आणि एक खोडरबर एवढी सामग्री पुरे. पहिला दिवस केवळ छटांस द्यावा. एका ओळींत सहा चौकोन आंखून पहिला कोरा ठेवावा, शेवटचा होईल तितका काळा करावा, आणि मधले चार पायरीपायरीनें गडद करीत न्यावे. ही पट्टी साधली म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

पुढें पांढऱ्या कापडावर एक अंडें ठेवावें व उजेड एकाच खिडकीचा असूं द्यावा. पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर धरावी, एक डोळा मिटावा आणि उंची-रुंदीचें प्रमाण घ्यावें. आकार एचबीनें इतका फिकट काढावा कीं तो सहज पुसतां यावा. नंतर डोळे अर्धवट मिटून पाहावें. बारीक तपशील मावळतात आणि उजेड व छाया यांचे मोठे भाग तेवढे उरतात. उजेडाकडील भाग कागदाचाच पांढरा राहूं द्यावा, तेथून छटा हळूहळू गडद करावी. सर्वांत गडद पट्टा अगदीं कडेला नसतो, किंचित् आंत असतो. कारण कापडावरून उलटलेला उजेड कडेला थोडी उजळी देतो. ही उजळी मात्र प्रकाशाकडील बाजूपेक्षां कधींही अधिक होऊं देऊं नये. पडछाया अंड्याच्या टेंकणीजवळ सर्वांत काळी, व दूर जातां जातां पातळ होते. सभोंवतीं जाड काळी रेघ मारणें हा नवशिक्यांचा आवडता अपराध आहे. निसर्गांत अशी रेघ नसते. बोटानें छाया चोळून काम उरकणें हा दुसरा अपराध. आकाराच्या वळणाप्रमाणें जवळ जवळ रेघा ओढाव्या, गडद करावयाचें तेथें त्यांवर तिरप्या दुसऱ्या रेघा घालाव्या, आणि तळहाताखालीं कोरा कागद ठेवावा.

या पेन्सिलीचा इतिहासही बोधप्रद आहे. इंग्लंडांतील बॉरोडेलच्या उत्कृष्ट ग्राफाइटवर युरोपाची भिस्त होती. फ्रान्सशीं युद्ध जुंपलें आणि तो माल बंद झाला. तेव्हां निकोला-जाक काँते यानें ग्राफाइटची पूड मातींत मिसळून भट्टींत भाजली व १७९५ सालीं त्या कृतीचें पेटंट घेतलें. माती अधिक तर पेन्सिल कठीण व फिकट, ग्राफाइट अधिक तर मऊ व काळी. एच आणि बी यांचा भेद तो हाच. परक्यानें माल अडविला म्हणून रडत न बसतां घरांतल्या हलक्या मालांतून सरस वस्तु निर्माण करणें, यालाच आम्ही स्वदेशी म्हणतों.

आतां व्यवहाराची गोष्ट. कपाट सांगितलें एक आणि आलें दुसरें, दागिना ठरला एक आणि घडला भलताच, असे तंटे वकिलीच्या धंद्यांत आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात; पण शब्दांनीं जें सांगितलें तें कारागिराच्या डोळ्यापुढें उभेंच राहिलेलें नसतें. चार रेघांचें एक टिपण असतें तर फिर्यादीचा खर्च वांचता. खिशांतल्या यंत्रानें आज क्षणांत छायाचित्र निघतें हें खरें; पण छायाचित्र जें आहे तें दाखवितें, जें अद्याप व्हावयाचें आहे तें पेन्सिलच दाखविते.

मुंबईच्या पेढीवाल्यांत अग्रगण्य असलेल्या सर जमशेटजी जीजीभाई यांनीं एक लक्ष रुपये दिले, त्यांतून १८५७ सालीं कलाशाळा उभी राहिली. त्या व्यापारी माणसास ही विद्या चैन वाटली नाहीं. त्याच्या वारसांस, म्हणजे आमच्या वाचकांस, आम्ही लक्ष रुपये मागत नाहीं. शाळेच्या पालक-सभेंत उभें राहून 'चित्रकलेचा तास कोणीं घेतला?' एवढा प्रश्न विचारावा, आणि रविवारीं मुला-मुलींसह अर्धा तास त्या अंड्यासमोर स्वतः बसावें, इतकीच आमची मागणी आहे.