डग्गा घुमतो, तानपुरा हरवतो : घरातल्या खोलीचं ध्वनिशास्त्र

मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? आजचा विषय तोच आहे.

एक तक्रार नेहमी कानावर येते. चांगले स्पीकर आणले, पण डग्गा नुसता घुमतो. मग काय करतात? इंचभर फोम किंवा अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवतात. घुमणं तसंच राहतं आणि तानपुऱ्याची जवारी मात्र जाते. म्हणजे दुखणं राहिलं आणि चव गेली! असं का होतं?

१८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे एक व्याख्यानगृह सुधारायचं काम आलं. तिथं आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिन रात्री सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथं आणून मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. त्यातून नियम सापडला : खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि शोषणारं सामान जितकं जास्त तितका कमी.

पण त्याची नळी ५१२ हर्ट्झची होती, म्हणजे मधल्या पट्टीतली. खर्जाचं गणित वेगळं आहे. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. फोमसारखी सच्छिद्र वस्तू भिंतीला लावली, तर ती पूर्ण ताकदीनं काम करते ते जाडी लहरीच्या पाव लांबीइतकी असेल तेव्हा. इथं ती येते ८५ सेंटिमीटर! इंचभर फोम वरचे बारीक स्वर खातो, डग्ग्याला हातही लावत नाही. ट्रेचा पुठ्ठा तर त्याहून पातळ.

आता घुमण्याचं कारण बघा. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर फुगतो. दहा फुटांमध्ये ५६. खोली दहा फूट रुंद आणि छतही दहा फुटांवर असेल, तर दोन्ही फुगवटे एकाच स्वरावर येतात. हा फुगवटा भिंतीपाशी सगळ्यात जास्त आणि मधोमध सगळ्यात कमी असतो. आपला सोफा कुठं असतो? भिंतीला टेकून!

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. सोफा भिंतीपासून पुढं घ्या, अगदी मधोमध मात्र नको. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. ओळखीची एकच बंदिश लावून वीतवीतभर सरकवत ऐका.

दुसरा उपाय आरशाचा. तुम्ही जागेवर बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. स्पीकर आरशात दिसला, की आवाज तिथूनच आपटून तुमच्याकडे येतो. तेवढ्याच जागी जाड गोधडी किंवा पुस्तकांचं कपाट. सगळी भिंत मढवायची गरज नाही.

तिसरा, खर्जासाठी. कोपऱ्यांत रॉकवूलचे सहा इंची थर, मागं थोडी पोकळी सोडून, वर कापड ताणून. खर्च करायचाच असेल तर इथं.

आणि हो, यानं शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्याला भिंतीचं वजन लागतं, फटी बुजवाव्या लागतात. तो वेगळा विषय.

घरी गेल्यावर रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा. झणझण ऐकू आली तर आधी सतरंजी अंथरा, पडदे लावा. स्पीकर बदलायचा विचार त्यानंतर. चला, प्रश्न घेऊ.