टीएसआय की टीडीआय? पोलो जीटी घेताना आधी वही उघडा, मग बोनेट



मागच्या बॅचमधल्या एका मुलाने मला रात्री साडेदहाला फोन केला. सांगलीचा मुलगा. बेकरीला लागणारा माल पुरवतो: मार्गारीन, यीस्ट, खोके, केकबोर्ड. म्हणाला, "सर, दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही सेकंड हॅन्ड पोलो जीटी. एक टीएसआय, एक टीडीआय. उद्या टोकन द्यायचंय. कुठली घेऊ?"

मी विचारलं, "पैसे कुठून देतोयस?"

दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "दुकानाच्या खात्यात आहेत ना, साडेचार लाख."

आजचा लेख त्या दोन सेकंदांच्या शांततेवर आहे. पण गाडीबद्दलही नीट बोलू, कारण त्याचा प्रश्न काही फालतू नव्हता. आपल्यातल्या बऱ्याच जणांना एक झणझणीत छोटी गाडी हवी असते. मलाही हवी होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आधी गाडी समजून घेऊ

पोलो म्हणजे आपल्या चाकणची गाडी. फोक्सवॅगनचा कारखाना तिथे २००९ मध्ये सुरू झाला आणि २०२२ पर्यंत पोलो तिथेच बनली. साध्या पोलोच्या वर कंपनीने २०१३ मध्ये 'जीटी' आणली, आणि तीही दोन प्रकारांत.

जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटर टर्बो पेट्रोल. ताकद १०५ पीएस, टॉर्क १७५ न्यूटन मीटर. सोबत ७ गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक. डावा पाय मोकळा.

जीटी टीडीआय म्हणजे डिझेल. सुरुवातीला १.६ लिटर, २०१४ च्या फेसलिफ्टपासून १.५ लिटर. ताकद तीच १०५ पीएस (पुढे ११० झाली), पण टॉर्क तब्बल २५०. गिअरबॉक्स ५ स्पीड मॅन्युअल.

बघा, कागदावर ताकद सारखी, पण स्वभाव अगदी वेगळा. टीएसआय सिग्नलवरून सुळकन निघते, गिअर कधी पडला कळतही नाही. टीडीआय खालच्या स्पीडला जराशी आळसावते, पण टर्बो जागा झाला की पाठ सीटला चिकटते. हायवेवर मालाचे दोन खोके मागे असले तरी तिला फरक पडत नाही.

गंमत म्हणजे नवीन असताना दोघींच्या शोरूम किमती जवळजवळ सारख्याच होत्या. एरवी डिझेल महाग असतं, पण इथे पेट्रोलला डीएसजी दिल्यामुळे ती किमतीत डिझेलच्या शेजारी येऊन बसली. म्हणजे कंपनीने "स्वस्त की महाग" असा प्रश्न ठेवलाच नव्हता. प्रश्न होता, "तुम्ही नक्की कोण आहात?" तुमच्या दुकानात एकाच वस्तूचे दोन प्रकार ठेवायचे असतील तर हे लक्षात ठेवा. दोन्ही प्रकारांचं गिऱ्हाईक वेगळं असलं पाहिजे. नाहीतर तुमचाच एक माल दुसऱ्याला खातो.

१.६ चं १.५ का झालं?

हा धंद्याचा धडा आहे, म्हणून थांबतो. आपल्याकडे ४ मीटरच्या आतली गाडी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत) असेल तर टॅक्स कमी लागतो. १.६ चं इंजिन १५९८ सीसीचं, रेषेच्या बाहेर. १.५ चं १४९८ सीसीचं, रेषेच्या दोन सीसी आत! टीएसआय ११९७ सीसी, तीही तीन सीसी आत. एवढी मोठी कंपनीसुद्धा टॅक्सची रेष बघून माल बनवते. आपण मात्र जीएसटीचा स्लॅब न बघता रेट ठरवतो.

आणि हा फरक सेकंड हॅन्ड घेणाऱ्याच्या खिशापर्यंत येतो. जून २०२२ पासूनच्या थर्ड पार्टी विम्याच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, आणि १५०० च्या वर गेलं की ७,८९७ रुपये (जीएसटी वेगळा). म्हणजे २०१३ ची १.६ टीडीआय "थोडी स्वस्त मिळतेय" म्हणून घेतली, तर दर वर्षी साडेचार हजार नुसते सीसीच्या नावाने जातात.

आता हिशेब: किलोमीटरमागे किती?

वही घ्या. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पेट्रोल १०४ रुपये धरू, डिझेल ९१. शहर आणि हायवे मिळून टीएसआय लिटरला १२ देते असं धरू, टीडीआय १६.

टीएसआय: १०४ भागिले १२, म्हणजे किलोमीटरला साधारण ८ रुपये ७० पैसे.
टीडीआय: ९१ भागिले १६, म्हणजे साधारण ५ रुपये ७० पैसे.
फरक: किलोमीटरला ३ रुपये.

महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्याचा वर्षाचा फरक २१,६०० रुपये. महिन्याला २,००० फिरणाऱ्याचा ७२,००० रुपये. गाडी तीच, पण एकाला फरक किरकोळ आणि दुसऱ्याला एका पोराचा तीन-चार महिन्यांचा पगार.

आता दुसरी बाजू. टीएसआयचा डीएसजी ड्राय क्लचचा आहे. रोजच्या रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो, झिजतो. त्याचं मेकाट्रॉनिक युनिट गेलं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. टीडीआयला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदलायचे पैसे किमतीतून आधीच वजा करा, कारण बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच उघडावं लागतं. दोन्ही गाड्यांना एकच नियम: सर्व्हिस हिस्ट्री नाही, तर व्यवहार नाही.

आणखी दोन सूचना. दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्तात दिसली तर हुरळू नका. तिकडे दहा वर्षं झालेल्या डिझेलवर निर्बंध आले, म्हणून ती स्वस्त असू शकते. एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरा, मग किंमत बोला. आणि २०२० नंतरची जीटी टीएसआय बघत असाल तर ती वेगळी गाडी आहे: १.० लिटर, तीन सिलिंडर, ऑटोमॅटिक आहे पण डीएसजी नाही. बीएस ६ आल्यावर डिझेल पोलो तर बंदच झाली.

माझी चूक सांगतो

२०१८ मध्ये मी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. मनात टीएसआय होती. पण आपण बीबीए केलेलं, दुकान चालवतो, "अ‍ॅव्हरेज किती" हा प्रश्न रक्तात! सेकंड हॅन्ड टीडीआय घेतली, टीएसआयपेक्षा ७० हजार जास्त देऊन. लोकांना सांगत फिरलो, डिझेल आहे, वसूल होईल.

घर ते दुकान चार किलोमीटर, तेही सिंहगड रोडने. दोन वर्षांत गाडी चालली जेमतेम ११ हजार किलोमीटर. तेव्हाच्या भावाने किलोमीटरमागे अडीच रुपये वाचत होते, म्हणजे एकूण साडेसत्तावीस हजार. विकताना वरच्या ७० पैकी निम्मेच परत आले, म्हणजे ३५ हजार गेले. साडेसात हजारांचा तोटा. फार मोठा नाही हो. पण दोन वर्षं क्लच दाबत ट्रॅफिकमध्ये बसलो आणि मला जी हवी होती ती गाडी चालवलीच नाही. गाडी उत्तम होती. हिशेब मी दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्याचा केला होता.

आता खरा प्रश्न: पैसे कुठले?

परत सांगलीच्या मुलाकडे येऊ. तो महिन्याला १,९०० किलोमीटर फिरतो: मिरज, इस्लामपूर, जयसिंगपूर, कधी कोल्हापूर. त्याच्यासाठी टीडीआय, यात वादच नाही. उत्तर एका मिनिटात देता आलं असतं.

पण ते साडेचार लाख म्हणजे त्याचं खेळतं भांडवल. मी त्याला फोनवरच हिशेब करायला लावला. एक लाखाचा माल वर्षात किती वेळा फिरतो? म्हणाला, आठ वेळा. एका फेरीत ढोबळ नफा किती? साधारण दहा टक्के. म्हणजे एक लाख रुपये दुकानात राहिले तर वर्षाला ८० हजार ढोबळ नफा देतात. साडेचार लाख काढले तर वर्षाला ३ लाख ६० हजारांचा नफा गाडीच्या डिकीत गेला. डिझेलमुळे वाचणार किती? किलोमीटरला ३ रुपये, म्हणजे वर्षाला ६८ हजार.

आणि दिवाळी दोन महिन्यांवर होती. बेकरीवाल्यांचा सगळ्यात मोठा सीझन. माल नसता तर गिऱ्हाईक दुसऱ्या पुरवठादाराकडे गेलं असतं, आणि एकदा गेलेली बेकरी सहजासहजी परत येत नाही.

तो म्हणाला, "पण सर, गाडी धंद्यालाच लागते ना? टॅक्समध्ये फायदा मिळेल."

इथे बरेच जण फसतात, म्हणून साफ सांगतो. अशा प्रवासी गाडीच्या खरेदीवरचा जीएसटी आपल्यासारख्या दुकानदाराला इनपुट क्रेडिट म्हणून मिळत नाही. घसारा मिळतो, वर्षाला १५ टक्क्यांनी, पण धंद्यासाठी जेवढा वापर तेवढाच. आणि नवी गाडी कंपनीच्या नावावर घ्याल तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के लागतो. तेव्हा "टॅक्स वाचवायला गाडी" हे वाक्य सीएला विचारल्याशिवाय तोंडातून काढू नका.

मग काय केलं?

मी त्याला "गाडी घेऊ नकोस" असं म्हटलं नाही. तसं सांगणारे घरात पुष्कळ असतात. मी म्हटलं, शौक आणि धंदा एका वहीत लिहू नकोस. दुकानातून स्वतःचा महिन्याचा पगार ठरव आणि गाडी त्या पगारातून घे. डाउन पेमेंट तिथून, हप्ता तिथून. हप्ता झेपत नसेल तर समज, गाडीची वेळ आलेली नाही.

टोकन दिलं नाही. ती टीडीआय दुसऱ्या कोणीतरी नेली. त्याला वाईट वाटलं, आठवडाभर माझा फोनही उचलला नाही. दिवाळीत माल पूर्ण भरला. पुढच्या मे महिन्यात त्याचा फोटो आला: २०१६ ची १.५ टीडीआय, पांढरी, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलमध्ये. अर्धे पैसे पगारातून साठवलेले, अर्ध्याचं कर्ज. मागच्या सीटवर यीस्टचे खोके. खाली लिहिलं होतं, "सर, आता विचारा, पैसे कुठून."

तुमच्यासाठी आजचा होमवर्क

वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा.

१. मागच्या तीन महिन्यांत मी खरंच किती किलोमीटर फिरलो? अंदाज नको, ओडोमीटर बघा.
२. हे पैसे माझ्या पगाराचे आहेत की दुकानाच्या मालाचे?
३. दुकानात राहिले असते तर एका वर्षात त्यांचे किती झाले असते?

महिन्याला हजाराच्या आत फिरत असाल, पैसे पगाराचे असतील आणि डीएसजीच्या एका मोठ्या बिलाची तयारी असेल, तर बिनधास्त टीएसआय घ्या. अ‍ॅव्हरेज विचारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. दीड हजाराच्या वर असाल तर टीडीआय. मधे असाल तर दोन्ही चालवून बघा आणि जी चालवताना हसू येतं ती घ्या. पण दुसऱ्या ओळीचं उत्तर "मालाचे" असेल, तर वही मिटा, गाडीचा फोटो मोबाइलच्या वॉलपेपरला लावा, आणि उद्या सकाळी वेळेवर शटर उघडा.

भेटू पुढच्या लेखात. धंदा करा, हिशेबाने करा!