कॅसिनोचं ‘फुकट’ कार्ड घराला केवढ्याला पडतं?

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक ताई बी.पी. तपासायला बसल्या. आकडा आला 160 वर 100. गोळ्या चालू होत्या, मीठही कमी केलेलं होतं. “झोप लागते का?” असं विचारल्यावर त्यांनी पिशवीतून एक सोनेरी प्लास्टिकचं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

“सिस्टर, हे बघा. आमच्या ह्यांना गोव्याच्या कॅसिनोनं दिलंय. यावर खोली फुकट, जेवण फुकट. ते म्हणतात, मी हरत असतो तर त्यांनी मला जावयासारखं वागवलं असतं का? मला काही उत्तर सुचत नाही.”

नवरा सेंटरिंगची छोटी कंत्राटं घेतो. दर दोन महिन्यांनी मित्रांसोबत गोव्याला जातो. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे बँकेत नव्हते, आणि ते कधी गेले हे ताईंना पासबुक भरून आणल्यावर कळलं होतं. बी.पी. का उतरत नाही, ते मला तिथेच समजलं.

त्या दिवशी रांग मोठी होती, म्हणून थोडक्यात बोलले. इथे सविस्तर लिहिते, कारण असा प्रश्न पडलेलं घर एकच नसणार.

कार्ड काय मोजतं?

किराणा दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिवाळीत भेट देतो, तसंच हे कार्ड आहे असं आपल्याला वाटतं. पण दुकानात आपण पैसे देतो आणि माल घरी आणतो. कॅसिनोत माल मिळत नाही. तिथे मोजायचं ते आपलं खेळणंच.

मशिनवर खेळताना कार्ड मशिनमध्ये घालायचं असतं. मग प्रत्येक डाव कितीचा, किती डाव झाले, किती वेळ बसलात, याची नोंद आपोआप होते. टेबलावर खेळत असाल तर तिथला माणूस तुमची सरासरी बाजी आणि वेळ लिहून घेतो. तुम्ही जिंकलात की हरलात यापेक्षा तुम्ही किती पैसे, किती वेळ फिरवले याला महत्त्व असतं, कारण त्यावरून तुमच्याकडून सरासरी किती मिळणार हे कॅसिनोला आधीच काढता येतं.

कसं, ते रुलेटच्या चाकावर बघू. चाकावर 0 ते 36 असे 37 खण असतात. नेमका आकडा लागला तर 100 रुपयांचे, आपले 100 धरून, 3,600 परत मिळतात. आता समजा, तुम्ही सगळ्याच 37 खणांवर 100-100 रुपये लावले. खर्च 3,700, हातात 3,600. कोणताही आकडा येवो, 100 रुपये कॅसिनोचे. म्हणजे शंभरामागे सुमारे 2 रुपये 70 पैसे. काही चाकांवर दोन शून्यं असतात, तिथे खण 38 होतात आणि हा वाटा 5 रुपये 26 पैशांवर जातो. यात फसवणूक नाही. हा खेळाचा नियमच आहे, म्हणूनच तो कधी चुकत नाही.

आता वेळ धरा. 500 रुपयांची बाजी, तासाला 30 डाव, चार तास. म्हणजे 120 डाव आणि 60 हजारांची बाजी. खिशात 10 हजारच असले तरी तेच पैसे पुन्हापुन्हा लावून 60 हजारांचा हिशेब होतो. एका शून्याच्या चाकावर यातून कॅसिनोला सरासरी 1,620 रुपये मिळायचे असतात. एखाद्या रात्री तुम्ही 20 हजार जिंकाल, दुसऱ्या रात्री 30 हजार हराल. पण जितक्या जास्त वेळा जाल, तितका हिशेब त्या सरासरीकडे सरकत जातो.

या धंद्यात त्याला ‘अपेक्षित तोटा’ म्हणतात. भेटवस्तू, जेवण, खोली हे सगळं त्यातल्याच एका हिश्श्यातून येतं. 1,620 मधला चौथा हिस्सा परत दिला असं धरलं, तर 405 रुपयांचं जेवण झालं. बाकीचे 1,215 त्यांच्याकडेच राहिले.

खोलीचंही तसंच आहे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत ती रिकामीच पडून असते. त्यांना खर्च येतो तो चादरी धुण्याचा आणि विजेचा, पण आपण तिची किंमत दारावरच्या भाड्याने धरतो आणि तेवढे आपल्याला मिळाले असं समजतो.

तर ताईंच्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं : जावयासारखं वागवतात याचा अर्थ जिंकतोय असा होत नाही. जिंकणाऱ्यालाही कार्ड मिळतं, हरणाऱ्यालाही मिळतं. कार्ड एवढंच सांगतं की हा माणूस भरपूर खेळतो आणि पुन्हा येईल.

हे शास्त्र कुठे तयार झालं?

गोव्यात प्रत्येक कॅसिनोचे कार्डाचे नियम वेगळे आहेत. पण ही पद्धत आजच्या रूपात वाढली ती अमेरिकेत, आणि तिथले हिशेब जगजाहीर आहेत. म्हणून उदाहरण तिथलं घेते.

हाराज् नावाच्या कॅसिनो कंपनीत 1998 मध्ये गॅरी लव्हमन हे हार्वर्डचे प्राध्यापक मोठ्या पदावर आले. त्यांनी कार्डांवर साठलेली माहिती तपासली. तेव्हा दिसलं की 26 टक्के गिऱ्हाइकांकडून 82 टक्के उत्पन्न येतंय. आणि ही माणसं सिनेमातल्यासारखी सूटबूटवाली श्रीमंत नव्हती. त्यांत निवृत्त शिक्षक होते, यंत्रावर काम केलेले कामगार होते, संध्याकाळी मशिनपुढे येऊन बसणारी मध्यमवयीन आणि म्हातारी माणसं होती. लव्हमन यांनी 2003 मध्ये हे स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं. त्यानंतर सगळ्या धंद्याचं लक्ष नेहमी येणाऱ्या साध्या माणसावर गेलं. हरून उठायच्या बेतात असलेल्या गिऱ्हाइकाजवळ जाऊन हातात छोटी भेट ठेवणारी माणसंसुद्धा तिथे नेमली गेली. मन मोडलं की माणूस उठतो. भेट मिळाली की परत बसतो.

हीच कंपनी पुढे सीझर्स झाली. तिच्या कार्डाचा साधा हिशेब बघा. स्लॉट मशिनमध्ये 5 डॉलर फिरवले की एक गुण. 100 गुण म्हणजे एक डॉलर. म्हणजे 500 डॉलर फिरवल्यावर एक डॉलर भेट. मशिन शंभरातले 8 ठेवून घेतं असं धरलं, तर सरासरी 40 डॉलर गमावल्यावर एक परत येतो. (लास वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे, तिथला कायदा मशिनने किमान 75 टक्के परत द्यावेत एवढंच सांगतो.)

वर पायऱ्या आहेत – गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, आणि सर्वांत वर सेव्हन स्टार्स. डायमंडसाठी वर्षात 15,000 गुण लागतात. नुसत्या स्लॉटवर, जादा बोनस न धरता, हे 75,000 डॉलरचे डाव झाले. त्याच 8 टक्क्यांनी तोटा 6,000 डॉलर. बदल्यात काय, तर वेगळी रांग, काही जेवणं, काही खोल्या.

नेहमीच्या गिऱ्हाइकाची निराशा कुठे होते?

*पाटी कोरी होते.* पायरीचे गुण दर 1 जानेवारीला शून्यावर येतात. तोटा मात्र शून्यावर येत नाही. म्हणून डिसेंबरात पायरी टिकवण्यासाठी माणूस जास्त खेळतो.

*गुण मरतात.* सीझर्समध्ये सहा महिने खेळला नाहीत तर साठवलेले भेटीचे गुण बाद होतात. म्हणजे जो शहाणपणाने थांबला, त्याचंच नुकसान.

*नियम ते बदलतात.* लास वेगासच्या मुख्य रस्त्यावर मोठ्या कॅसिनोंत गाडी लावणं वर्षानुवर्षं सगळ्यांना फुकट होतं. 2016 मध्ये एका मोठ्या कंपनीने पैसे घ्यायला सुरुवात केली आणि वरच्या कार्डवाल्यांना तेवढी सूट ठेवली. सगळ्यांचं होतं ते काढून घेतलं आणि काहींना बक्षीस म्हणून परत दिलं.

*हातात रोख नसते.* गोव्यात बोटीवर जाताना तिकिटात जेवण, दारू आणि काही चकत्या, म्हणजे चिप्स, मिळतात. पण त्यातल्या बऱ्याच चिप्स फक्त खेळायला चालतात, त्यांचे पैसे करून घेता येत नाहीत. आणि फुकटची दारू पोटात असली की बाजी लावताना हात सैल सुटतो, हे नर्सने वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गोव्यात 1996 च्या कायदादुरुस्तीने बोटींवरच्या कॅसिनोला वाट मिळाली. पण 2020 पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला सरकारने बंदी केली. महाराष्ट्रातही कॅसिनोचा 1976 चा कायदा कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. म्हणजे त्या टेबलांवर बसायला बाहेरची माणसं लागतात, आणि त्यांत आपल्याकडून जाणारे आलेच.

मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांतही हीच पायऱ्यांची युक्ती वापरतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. तरी परदेशातून चालणारी अॅप्स अजून ‘व्हीआयपी’ करण्याचं आमिष दाखवतात. तिथे पैसे अडकले तर दाद मागायलाही जागा नाही.

हा स्वभावदोष की आजार?

बक्षीस दर वेळी मिळालं तर त्याची नवलाई जाते, कधीच मिळालं नाही तर माणूस सोडून देतो. पण कधी मिळतं, कधी नाही, असं असलं की मेंदू वाट पाहत राहतो. त्या वाट पाहण्यातच डोपामिन नावाचं रसायन वाढतं. एक आकडा हुकला तरी मेंदूला ‘जवळ आलो होतो’ असंच वाटतं. पैशांच्या खेळावर कार्डाच्या पायऱ्यांचा दुसरा खेळ चढतो. हरलो तरी ‘गुण तर वाढले’ ही समजूत राहते.

जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत धरलं आहे. डॉक्टर पुढच्या नऊ खुणा विचारतात. वर्षभरात चार किंवा जास्त दिसल्या तर तपासणी हवी :

1. तेवढीच मजा येण्यासाठी बाजी वाढवावी लागते.
2. खेळ कमी केला की चिडचिड, अस्वस्थता.
3. सोडायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.
4. डोक्यात सतत तोच विचार.
5. मन उदास झालं की खेळायला जावंसं वाटतं.
6. हरलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं.
7. किती हरलो याबद्दल खोटं बोलणं.
8. नातं, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात येणं.
9. पैशांसाठी दुसऱ्यांवर भार टाकणं.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. धन जाणं हा त्यातला एक. शब्दाला किंमत न उरणं आणि मित्रांत मान जाणं हेही त्यात आहेत. वरची सातवी आणि आठवी खूण त्याच्याशी ताडून बघा.

घरच्यांनी काय करावं?

*भांडण नको, हिशेब मांडा.* सहा महिन्यांचं पासबुक घ्या. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, हरलेले पैसे एका बाजूला, फुकटच्या खोल्या आणि जेवणं दुसऱ्या बाजूला लिहा. आकडे त्याला स्वतःच्या हाताने लिहू द्या.

*कर्ज फेडून मोकळं करू नका.* एकदा फेडलं की पुन्हा खेळायला जागा होते. बचत गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचा कागद, दागिन्यांची पावती, कशावरही दबावाखाली सही करू नका. हप्ता तुमच्या नावावर राहतो.

*पैशांची चावी बदला.* तो तयार असेल तर काही महिने ए.टी.एम. कार्ड आणि मोबाइलवरचं पेमेंट घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. कॅसिनोला लेखी कळवून कार्ड बंद करायला आणि ऑफरचे मेसेज थांबवायला सांगा.

*मदत घ्या.* टेली-मानस, 14416. सरकारी सेवा आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रात्रीसुद्धा चालू असतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. उपचार मुख्यतः समुपदेशनाचा असतो, गरज पडली तर औषधंही देतात. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

*एक गोष्ट थांबून राहण्यासारखी नाही.* कर्जात बुडालेला माणूस “आता जगून काय उपयोग” असं म्हणाला तर ते बोलणं हलक्यात घेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी फोन करा किंवा दवाखान्यात न्या.

त्या ताई दुसऱ्या शिबिराला नवऱ्याला घेऊन आल्या. त्याने वहीत हिशेब लिहून आणला होता. एका बाजूला तीन खोल्या आणि जेवणं, दुसऱ्या बाजूला मुलीच्या वर्षाच्या फीपेक्षा मोठा आकडा. “सिस्टर, मी बेरीज दोनदा केली,” एवढंच तो म्हणाला. पुढची वाट लांब आहे, मध्ये एकदा तो घसरलाही. पण तो दर महिन्याला समुपदेशकाकडे जातो. ताईंचा बी.पी. परवा 136 वर 86 होता. गोळी तीच आहे.