फिजिक्स शिकता शिकता कमाई : आपल्या पोरा-पोरींसाठी खऱ्या वाटा कोणत्या?



बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच बोलणं सुरू होतं. "पोरगं फिजिक्स घेऊन बीएससी करायचं म्हणतंय. तीन वर्षं नुसता खर्च. तेवढ्यात डोंग्यावर आलं असतं तर चार पैसे तरी मिळाले असते." हे बोलणं चुकीचं नाही. जाळं ओढायला एक हात कमी झाला तर मजूर लावावा लागतो, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत? पण कॉलेज की कमाई, यातलं एकच निवडावं लागतं असं नाही. दोन्ही जमतं. फक्त कोणतं काम कधी धरायचं हे समजून घ्यायला पाहिजे.

ही रीत जुनी आहे

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तिथं 'कमवा आणि शिका' चालायचं. गरिबाची पोरं शेतात राबायची आणि त्या मेहनतीवर शिकायची. आज पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावानं 'कमवा व शिका' योजना आहे. विद्यार्थी लायब्ररीत, ऑफिसात, बागेत, प्रयोगशाळेत रोज थोडे तास काम करतो आणि तासाप्रमाणे पैसे घेतो. आपल्याला जवळचं जळगावचं बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, तिथंही ही योजना आहे. भुसावळवरून गाडीनं जाता येतं. पण एक लक्षात ठेवा, मध्य प्रदेशचा जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालत नाही. फी आणि सवलत आधी विचारून मगच प्रवेश घ्या.

आणि डॉ. अब्दुल कलाम साहेब तर आपल्यासारख्याच घरातले. रामेश्वरमला वडिलांची नाव होती. लहानपणी त्यांनी पेपर वाटले. पुढे तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून १९५४ साली फिजिक्सचीच पदवी घेतली. इंजिनिअरिंगच्या फीसाठी बहिणीनं दागिने गहाण ठेवले, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. म्हणजे पोराची मेहनत आणि घरच्यांचा टेकू, दोन्ही लागलं.

आपला बंद ऋतू आणि त्यांची सुट्टी

ही गोष्ट नीट वाचा. आपल्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घरात हात रिकामेच असतात. देशातल्या मोठ्या संशोधन संस्था विद्यार्थ्यांना उन्हाळी कामासाठी घेतात, तेही साधारण मे ते जुलै याच काळात. म्हणजे पोरगं दोन महिने बाहेर गेलं तरी आपला धंदा फारसा अडत नाही.

देशातल्या तीन विज्ञान अकादम्या (बंगळुरू, दिल्ली, प्रयागराज) मिळून उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर छात्रवृत्ती. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका इथंही असे सुट्टीतले कार्यक्रम असतात. आपल्या इंदूरला राजा रामन्ना केंद्र आहे. लेसर आणि 'इंडस' नावाची मोठी यंत्रं तिथं आहेत, तिथं मुख्यतः एमएससी आणि इंजिनिअरिंगवाल्यांना संधी असते. बीएससीच्या सुरुवातीच्या वर्षांत असणाऱ्यांनी मुंबईच्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम बघावा.

या सगळ्यांचे अर्ज बरेच महिने आधी भरावे लागतात. अकादम्यांचे तर आदल्या वर्षीच. मे महिन्यात जागं झालं तर काही उपयोग नाही. सरांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून पोरानं पहिल्या वर्षापासून सरांच्या नजरेत असलं पाहिजे.

गावात राहून काय?

सगळ्यांनाच बाहेर जाता येत नाही. बुऱ्हाणपुरातही फिजिक्सवाल्याला काम आहे.

१) शिकवणी. नववी-दहावीचं गणित-विज्ञान शिकवा. संध्याकाळचे दोन तास. पैसे मिळतात आणि स्वतःचा विषय पक्का होतो.

२) सोलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, घरावरच्या पॅनेलला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे. पॅनेल बसवणाऱ्याला वायर, व्होल्ट, कोन समजणारा पोरगा लागतो.

३) पॉवरलूम. आपलं शहर लूमचं. मोटर, पॅनल, रिवाइंडिंगच्या दुकानात सुट्टीत हात मारला तर करंट पुस्तकाबाहेर कळतो.

मासळीच्या धंद्यातही फिजिक्स आहेच. फिशफाइंडर पाण्यात आवाज सोडतो, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत ३४० च्या आसपास. ज्याला हे कळतं तोच उद्या असं यंत्र दुरुस्त करेल.

सावध कुठं राहायचं

सीखो-कमाओ योजनेत २०२३ पासून बारावीवाल्याला महिना ८ हजार आणि पदवीधराला १० हजार ठरले आहेत. चांगली योजना आहे, पण काम पूर्ण वेळाचं आहे. रेग्युलर बीएससीला हजेरी आणि प्रॅक्टिकल असतात. दोन्ही एकाच वेळी धरलं तर कॉलेज सुटतं. ती पदवीनंतर धरा, तेव्हा पैसेही जास्त आहेत.

'इंटर्नशिप देतो, आधी फी भरा' असं कोणी मोबाईलवर म्हटलं तर सरळ नाही म्हणा. काम करणाऱ्यानं पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. पैसे पोराच्या स्वतःच्या खात्यात यावेत. काम संपल्यावर कामाचं नाव, तारखा आणि सही-शिक्का असलेलं पत्र मागून घ्या. मध्य प्रदेशात २०२१ पासून नवीन शिक्षण धोरण लागू आहे. त्यात इंटर्नशिप-प्रोजेक्ट अभ्यासातच धरलेत, म्हणून हे पत्र कॉलेजात दाखवून विचारा.

घरच्यांसाठी एक गोष्ट

काम धरताना तीन प्रश्न विचारा. पैसे किती? शिकायला काय मिळतं? कागद मिळतो का? तिन्ही असतील तर उत्तमच. नुसते पैसे असतील तर ते काम सुट्टीपुरतं ठेवा. आणि परीक्षा, प्रॅक्टिकलच्या दिवसांत पोराला पहाटे जाळ्यावर नेऊ नका. रात्रभर नदीवर जागलेलं पोरगं सकाळी लॅबमध्ये रीडिंग घेऊ शकत नाही. पोरींच्या बाबतीतही हाच हिशोब. शिकवणी आणि उन्हाळी छात्रवृत्ती दोन्ही त्यांनाही तितक्याच खुल्या आहेत.

ज्यांच्या घरात बारावी सायन्सचं किंवा बीएससीचं मूल आहे, त्यांनी मार्कशीट, आधार, बँक पासबुक, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच एका फाईलमध्ये लावून ठेवा. कागद तयार असला की अर्जाची तारीख चुकत नाही. पोस्ट पुढे पाठवा, एखाद्या घराच्या कामी येईल.

– सचिव