भांडण चव्हाट्यावर, व्यवहार सुरळीत

फेब्रुवारी २०००. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरमध्ये सीबेल सिस्टिम्स या बड्या सॉफ्टवेअर कंपनीचा ग्राहक मेळावा भरला होता. बाहेर फलक घेतलेले निदर्शक ओरडत होते, ‘सॉफ्टवेअरचे दिवस भरले!’ टीव्हीचे वार्ताहर मुलाखती घेत होते. निदर्शक पैसे देऊन आणलेले नट होते आणि वाहिनीही बनावट. हा घाट घातला होता मार्क बेनिऑफ यांनी. त्यांची सेल्सफोर्स ही कंपनी तेव्हा जेमतेम वर्षभराची होती. सीबेलच्या लोकांनी पोलिसांना बोलावलं आणि चर्चा आणखीच वाढली.

नव्या कंपनीकडे जाहिरातींवर ओतायला पैसा नसतो. पण बाजारातल्या पहिल्या क्रमांकाला नाव घेऊन डिवचलं की ती त्याच्याच पंगतीला जाऊन बसते. बड्या कंपनीने चिडून उत्तर दिलं की पान वाढलंच म्हणायचं! पुढे सीबेलचा मेळावा फ्रान्समध्ये कान शहरी भरला, तेव्हा बेनिऑफ यांनी नीस विमानतळावरच्या टॅक्सीच भाड्याने घेतल्या. पाऊण तासाच्या त्या प्रवासात सीबेलच्या पाहुण्यांना सेल्सफोर्सची महती ऐकवली गेली.

प्रतिस्पर्ध्याचा माल महाग आहे, जुनाट आहे, हे उघड सांगायला हरकत नाही. ग्राहकाला ते पडताळून पाहता येतं. खोटे वार्ताहर उभे करणं मात्र मला अजिबात पटत नाही. बातमी म्हणून पुढे केलेली जाहिरात ग्राहक पारखणार तरी कशी?

बेनिऑफ ज्यांच्या हाताखाली तयार झाले, ते ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीचे लॅरी एलिसन याच खेळातले मुरलेले. सेल्सफोर्समध्ये सुरुवातीला त्यांचेही पैसे होते. २०११ मध्ये ओरॅकलने आपल्या परिषदेतलं बेनिऑफ यांचं भाषण ऐन वेळी पुढे ढकललं. बेनिऑफ यांनी ठरल्या दिवशीच जवळच्या हॉटेलात ते केलं. एलिसन यांनी सेल्सफोर्सची तुलना झुरळांच्या सापळ्याशी केली : आत शिरलेल्याला बाहेर पडता येत नाही. माध्यमांना आठवडाभराची मेजवानी मिळाली.

या सगळ्या काळात सेल्सफोर्सचा डेटा कुठे साठवला जात होता? ओरॅकलच्याच डेटाबेसमध्ये. म्हणून कंपनीप्रमुखांची भाषणं ऐकून खरेदी ठरवणाऱ्यांनी ते प्रमुख स्वतः कोणाचा माल वापरतात, हे आधी विचारावं. पुढे जून २०१३ मध्ये ओरॅकल आणि सेल्सफोर्सने नऊ वर्षांचा करार जाहीर केला. सीबेल तर २००५ च्या सौद्यानंतर ओरॅकलच्याच पोटात गेली होती.