स्क्रिप्टचे व्हेरिएबल सीला दिसावे का?

व्हिडिओ गेममधले नियम वारंवार बदलतात, म्हणून ते लुआसारख्या स्क्रिप्ट भाषेत लिहितात. चित्र झपाट्याने रंगवायचे जड काम मात्र सीमध्ये लिहून कंपाइल केलेले असते. दोन भाषा एकाच प्रोग्राममध्ये नांदू लागल्या की हद्दीचा प्रश्न येतो: स्क्रिप्टच्या एखाद्या फंक्शनमधले स्थानिक व्हेरिएबल सीच्या कोडने वाचावे का, बदलावे का?

जॉन औस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीला टीसीएल भाषा घडवली, तेव्हा त्यांनी दार उघडे ठेवले. टीसीएलमध्ये व्हेरिएबलला किंमत देणारी 'सेट' हीसुद्धा सीमध्ये लिहिलेली एक कमांड आहे. तिला हाक मारणाऱ्या प्रोसिजरचेच व्हेरिएबल बदलायचे असते, म्हणून सीच्या कमांडला स्वतःची वेगळी हद्द दिलेली नाही. त्यामुळे प्रोग्रामरने जोडलेली नवी कमांड मूळ कमांडइतकीच समर्थ ठरते. पण स्क्रिप्टच्या ओळीत नावही न आलेले व्हेरिएबल ती गुपचूप बदलू शकते.

रिओ द जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेल्या लुआने उलट वाट धरली. इथे सीच्या फंक्शनला मिळतो फक्त एक स्टॅक. त्यावर आर्ग्युमेंट येतात आणि उत्तरेही त्यावरच ठेवून परतायचे. ग्लोबल व्हेरिएबल नावाने मागता येते. हाक मारणाऱ्याचे स्थानिक व्हेरिएबल डीबगरसाठीची खास सोय वापरल्याशिवाय हाती लागत नाही.

मग दोन हाकांच्या मधे काही लक्षात ठेवायचे असेल तर? सीचे स्टॅटिक व्हेरिएबल हा मोह इथे घातक आहे. एकाच प्रोग्राममध्ये लुआच्या अनेक स्वतंत्र अवस्था चालू असू शकतात आणि स्टॅटिक व्हेरिएबल त्या सगळ्यांत एकच असते; एकीची माहिती दुसरीत मिसळते. म्हणून लुआ सीच्या फंक्शनला २५५ पर्यंत मूल्ये जोडून देते. शिवाय सीच्या कोडला मूल्ये साठवायला प्रत्येक अवस्थेची स्वतःची वेगळी रजिस्ट्री असते.

पायथॉनमध्ये स्थानिक व्हेरिएबल बाहेरून बदलण्याचा गुंता बरीच वर्षे रेंगाळला. फंक्शनमधली स्थानिक व्हेरिएबले वेगासाठी क्रमांकित खणांत असतात, तर बाहेरच्या कोडला त्यांची डिक्शनरी मिळे. ती मुळात नक्कल असल्याने डीबगरने तिच्यात केलेले बदल कधी टिकत, कधी पुसले जात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीने हे निस्तरले: आता डीबगरने फ्रेममार्फत (चालू हाकेच्या नोंदीमार्फत) केलेला बदल थेट मूळ व्हेरिएबलमध्ये उतरतो, आणि 'लोकल्स' फंक्शन दर हाकेला ताजी, स्वतंत्र नक्कल देते.